वाण कुणाचं, लूट कुणाची?



वाण या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बाईला दोन्ही सारखेच ओळखीचे. एक वाण संक्रांतीला लुटायचं, दुसरं पावसाळ्याच्या तोंडाशी काळ्या मातीत टोबायचं. दुसऱ्या वाणाचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. ज्वारी-तुरीचं बी राखेत घोळून गाडग्यात जपणाऱ्या बायका घरोघर होत्या. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत कपाशीचं वाण म्हणजे दरसाल कृषी केंद्रातून विकत आणायचं कंपनीचं पाकीट, असंच होऊन बसलं. आता पहिल्या वाणावरही दुकानदाराची नजर गेली आहे. ती नजर आपण ओळखावी आणि निदान महिला गटांनी तरी तिच्या मदतीला जाऊ नये, यासाठी हे लिहिते आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आणि पुन्हा ८ मार्चच्या आगेमागे आपल्या गावातले फलक वाचून पाहा. सराफ, साडी सेंटर, पतसंस्था, ले-आउट पाडून प्लॉट विकणारे, गटकर्ज वाटणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना एकाएकी स्त्रीशक्तीचा उमाळा येतो. 'भव्य हळदीकुंकू', 'सन्मान नारीशक्तीचा', 'खेळ पैठणीचा'. आणि खाली बारीक अक्षरात, 'प्रत्येक महिलेला आकर्षक भेटवस्तू'. २००४ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका कार्यक्रमानं सूत्रसंचालकाला 'भावोजी' केलं आणि समोरच्या बाईला 'वहिनी'. तेव्हापासून गावोगावच्या मंडपात प्रत्येक बाई वहिनी झाली आहे. म्हणजे तिच्याशी बोलायचं नातं नवऱ्याच्या मार्फतच. नवरा नसलेलीला काय म्हणायचं, हा प्रश्न माइक हातात असलेल्याला पडत नाही, कारण ती मंडपात आलेलीच नसते.

ही भेटवस्तू ठरते कशी, हे मला जवळून बघायला मिळालं. तालुक्याच्या गावातल्या एका व्यापाऱ्यानं मला आणि दोन बचतगटांच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. त्यांचं नाव इथे महत्त्वाचं नाही, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. "ताई, तुम्हाला बायकांची आवड समजते, तुम्हीच सुचवा," असा नम्र आग्रह होता. अटी मात्र आधीच ठरलेल्या. नग पंचवीस रुपयांच्या आत बसला पाहिजे. हातात धरल्यावर पंचवीसहून जास्तीचा वाटला पाहिजे. त्याच्यावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर ठळक छापून आला पाहिजे. आणि तो वर्षभर घरात डोळ्यासमोर राहिला पाहिजे, खाऊन संपणारा नको. नागपूरच्या इतवारीतून नमुने आणून टेबलावर मांडले होते. प्लॅस्टिकचा डबा, पातळ पत्र्यासारखी स्टीलची वाटी, हळदीकुंकवाचा करंडा, टिकल्यांचं पाकीट, कंगवा-आरशाची जोडी, गुलाबी रंगाची चेन लावलेली पर्स. या सगळ्याला ते 'थीम' म्हणत होते. संक्रांतीला काळी-पिवळी थीम, ८ मार्चला गुलाबी-जांभळी.

हिशेब त्यांनीच करून दाखवला. चारशे बायका, दहा हजार रुपये. मंडपाच्या दाराशी एक वही ठेवायची, तिच्यात नाव, मोबाइल नंबर, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस. मी विचारलं, लग्नाचा वाढदिवस कशाला? तर म्हणाले, "त्या दिवशी मेसेज जातो ना, मंगळसूत्रावर सूट."

म्हणजे पंचवीस रुपयांत काय काय आलं ते पाहा. बाईचं नाव आलं, नंबर आला, तिच्या संसाराची तारीख आली, दोन तास मंडपात बसलेली ती आली, वाटी हातात घेऊन हसतानाचा तिचा फोटो आला आणि पुढे वर्षभर तिच्या फळीवर दुकानाची जाहिरात आली. जाहिरातीला जागा लागते. भिंतीवर लिहायची तर घरमालक भाडं मागतो. बाईची फळी फुकट आहे. शिवाय गर्दी जमवायचं काम कुणी करायचं? आपल्या गटांनी. 'तुमच्या गटाच्या पन्नास बायका आणा' असं सांगितलं जातं आणि आपल्या अध्यक्षा फोन लावायला बसतात. बैठकीला, मोर्चाला, ग्रामसभेला या म्हणून घसा कोरडा करून जमवलेली जी यादी, ती आपण एका चहावर देऊन टाकतो.

वस्तूंची निवडच बघा ना. हेच व्यापारी दिवाळीत पुरुष ग्राहकांना काय देतात? डायरी, पेन, दिनदर्शिका, बॅटरी. बियाण्यांच्या कंपन्या शेतकऱ्याला टोपी देतात, टी-शर्ट देतात, दुकानदाराला भिंतीवरचं घड्याळ देतात. पुरुषाला लिहायचं, वेळ बघायचं, अंधारात चालायचं साधन, आणि बाईला डबा, आरसा, करंडा! स्वयंपाकघर, रूप आणि सौभाग्य. बाईला चौथी खोली असते असं या ठोक बाजाराला वाटतच नाही. चारशे बायकांत एकीलाही डायरी लागत नसेल? बचतगटाचा हिशेब मग कुठे लिहितात, हाताच्या तळव्यावर?

आणि 'शेतकरी' म्हटलं की टोपी पुरुषाच्या डोक्यावर. सरकी टोबते बाई, निंदते बाई, वेचते बाई. दिवाळीच्या सुमारास सेलू-देवळीकडे रस्त्यानं जाताना शेतात पाहा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून बायका वेचत असतात, कारण वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी हात सोलून निघतात. कधी तो शर्ट कंपनीचा टी-शर्ट असतो, नवऱ्याला पाकिटांबरोबर मिळालेला, विटून तिच्याकडे आलेला. पाठीवर कंपनीचं नाव आणि पोटाशी कापसाची ओटी. तिला कुणी हातमोजे दिले नाहीत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं दगावली, तेव्हा सगळीकडे हातमोजे आणि तोंडाला लावायच्या पट्टीची चर्चा झाली. विष कालवायला पाणी कोण भरून आणतं, हे त्या चर्चेत फारसं कुणी विचारलं नाही. हातमोजेही पंचवीस रुपयांच्या आगेमागे मिळतात. पण ते आकर्षक भेटवस्तूच्या यादीत येत नाहीत. ते दिले तर बाई काम करते हे मान्य करावं लागतं.

आता स्वस्ताईबद्दल. वस्तू स्वस्त पडते म्हणजे नक्की कुणाला पडते? आपण वर्ध्याच्या लोकांनी तरी हा प्रश्न नव्यानं शिकायला नको. १९३४ च्या डिसेंबरात इथेच अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, मगनवाडीत त्याचं काम चाललं, जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री होते. वस्तू ज्या परिस्थितीत तयार झाली तिची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, हा विचार त्यांनी जन्मभर मांडला. गांधी-विचारातल्या स्त्रीविषयक भूमिकांशी माझे मतभेद आहेत आणि ते मी याच अंकातून मांडले आहेत. पण या बाबतीत कुमारप्पांचं बोट अचूक जागी आहे. टिकल्या पुठ्ठ्यावर चिकटवणं, पाकिटं भरणं, पर्सला चेन लावणं, रुमालाची कड दुमडणं, ही कामं बहुतेक घरी बसलेल्या बायकाच करतात, नगावर, पैशांत मोजलेल्या दरानं. त्यांना कामगार म्हणावं असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये केला, १७७ क्रमांकाचा करार. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. तेव्हा नग पंचवीस रुपयांत बसवायचा असतो, तो दुसऱ्या एका बाईच्या मजुरीतून बसवलेला असतो. एका बाईचा सन्मान करायला दुसरीचे पैसे कापायचे, हा धंद्याचा साधा हिशेब आहे. त्याला नारीशक्ती म्हणू नये.

'फुकट' या शब्दालाही थोडं हलवून बघू या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. ज्या वस्तूची किंमत घेतलेल्या पैशांत पूर्ण किंवा थोडी वसूल केली आहे, ती फुकट देत असल्याचा भास निर्माण करणं त्या व्याख्येत बसतं. साडीखरेदीवर मोफत करंडा, कर्जाबरोबर मोफत भांड्यांचा संच, हे वाचताना ही ओळ लक्षात ठेवावी. गटकर्जाच्या बाबतीत तर ही भांडी मला विशेष खुपतात. दर आठवड्याला हप्ता, एकीनं चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, नाही भरला तर दारात येऊन बसायचं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना ८ मार्चच्या स्टीलच्या वाटीत काय वाढून ठेवलंय ते सांगायला नको.

गंमत अशी की उमेदवारानं हीच वाटी मतदाराला दिली तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १२३ व्या कलमाखाली ती लाच ठरते. आता तर दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेत की हळदीकुंकू दुकानाचं की इच्छुक नगरसेवकाच्या बायकोचं, ते फलकावरच्या फोटोंच्या आकारावरून ओळखावं लागतं. २००४ च्या एप्रिलमध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, लखनौत एका नेत्याच्या वाढदिवसानिमित्त साड्या वाटल्या गेल्या. अगदी स्वस्तातल्या साड्या. चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जणी मेल्या, त्यांत म्हाताऱ्या होत्या, लेकरं होती. वाटपाचा फोटो निघावा म्हणून बायकांना एकाच वेळी, एकाच जागी, एकाच दारातून बोलवायचं, ही पद्धत तीच आहे. आपल्याकडे मंडप लहान असतो इतकंच.

वाण देण्याच्या प्रथेचं मी कौतुक करते आहे असं कुणी समजू नये. मूळ प्रथाच सवाष्णीची. जिचा नवरा गेला ती दाराआड. पण ती बदलण्याचे प्रयत्नही आपल्याच मातीत झालेत आणि ते जुने आहेत. १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला, त्यात सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसायला बोलावलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. विदर्भ म्हटलं की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि आत्महत्या म्हटली की मागे उरलेली बाई. आपल्या जिल्ह्यात अशा बायका गावोगाव आहेत. सातबारा नावावर करून घ्यायला तलाठ्याकडे, बँकेत, कोर्टात त्या खेटे घालतात. त्यांना घेऊन हळदीकुंकू करणारे आपले काही गट आहेत. कुंकवाऐवजी बी देतात, पुस्तक देतात, कुणी नुसता तिळगूळ देतात. आपण इंच इंच सरकवत आणलेली ही गोष्ट 'सौभाग्यवतींसाठी खास' असा एक फलक लावून व्यापारी एका संध्याकाळीत मागे ढकलतो. करंडा आणि लग्नाच्या वाढदिवसाचा रकाना हे दोन शब्दही न बोलता सांगतात की बाई, तुझं इथे काम नाही.

८ मार्चचं तर मला फार लागतं. १९१० साली कोपनहेगनला क्लारा झेटकिन यांनी हा दिवस मागितला तो कामगार बायकांसाठी. आपल्याकडे तो दिवस पेटला त्याला विदर्भातलीच घटना कारण झाली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि ८ मार्च १९८० ला देशभर बायका रस्त्यावर आल्या. मथुरा खटल्याच्या त्या निषेधातून १९८३ चा कायदाबदल आला. तो दिवस आज दागिन्यांच्या घडणावळीवर सूट आणि गुलाबी पर्स! हिंगणघाटात ३ फेब्रुवारी २०२० ला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवलं, १० तारखेला ती गेली. त्या गावात ८ मार्चला काय बोलायचं असतं ते कुठल्या दुकानदाराला सुचणार? त्यानं बोलूही नये. पण मग त्यानं हा दिवस वापरूही नये.

यावर आपल्याच गटांतून एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. एका बैठकीत शेतमजुरी करणारी एक बाई मला सरळ म्हणाली, "ताई, आमाले डबा भेटला त तुमाले काहून दुखते? मीठ ठेवाले होते ना." खरं आहे. मीठ ठेवायला डबा लागतो. माझ्या घरात डबे आहेत म्हणून मला हे तत्त्वज्ञान सुचतं, असंही ती न बोलता म्हणाली. डबा घेणाऱ्या बाईला मी नावं ठेवत नाही, ठेवणारही नाही. मिळतोय तर तिनं घ्यावा, नंबर चुकीचा लिहावा आणि घरी जावं. पुष्कळ जणी तसंच करतात, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे! माझा राग घेणारीवर नाही. तो दलालीवर आहे. आपल्या गटाचं नाव, आपली यादी, आपला विश्वास पुढे करून त्या बाईला मंडपात आणून बसवणाऱ्या आपण, आपल्याबद्दल मी बोलते आहे. आणि घेणाऱ्या बायकाही काही मुक्या नाहीत. २०२४ साली पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांनी रेशन दुकानातून वाटलेल्या साड्या आणि पिशव्या तहसील कार्यालयात नेऊन परत केल्या आणि त्याऐवजी रोजगार मागितला. गरिबीमुळे नाही म्हणता येत नाही, हे सोयीचं समजणं त्यांनी मोडून दाखवलं.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. कुणी दिलं त्याचं नाव, मामाचं, आत्याचं. आता भांड्यावर दुकानाचं नाव आणि शेताच्या कागदावर नवऱ्याचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात बायका प्रचंड संख्येनं जमल्या, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. त्या चळवळीच्या खुल्या बाजाराच्या अर्थकारणाशी आपलं पटलं नाही, तो वाद वेगळा. पण बाईला द्यायचंच तर काय द्यावं, याची समज त्यांच्यात आजच्या नारीशक्तीवाल्यांपेक्षा कितीतरी पुढे होती. सातबाऱ्यावर नाव चढवायला पंचवीस रुपयांचं प्लॅस्टिक लागत नाही.

त्या व्यापाऱ्याला मी शेवटी काय सुचवलं? मागितलं होतं तर सुचवलं. एक, जाड सुती कापडाची पिशवी. गावातल्याच गटाकडून शिवून घ्यायची, शिलाईचा दर आधी ठरवून, तो पिशवीवरच छापून. छापाच्या जागेत दुकानाचं नाव एका बाजूला चालेल. दोन, हातमोजे. तीन, खिशात मावेल एवढं छापील कार्ड, त्यावर १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा कार्यालयीन नंबर आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काय मागता येतं त्याच्या चार ओळी. हे तर टिकल्यांच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतं. आणि दाराशी वही नको. पिशवीला ते म्हणाले, दर छापला तर लोक आमचाच नफा मोजतील. हातमोज्यांना हसले. कार्डावर मात्र थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ताई, असं कार्ड घरात गेलं तर नवरेमंडळी आमच्या दुकानात येतील का?"

इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्याही परिसंवादात मिळालं नव्हतं. आम्ही तिघीही उठून आलो. शेवटी तिथे प्लॅस्टिकचे डबेच वाटले, बायका दुसऱ्या कुणीतरी आणल्या.

त्यानंतर आमच्या गटानं ठरवलेल्या गोष्टी इथे देते, कुणाला उपयोगी पडल्या तर. गटाच्या सभासदांची यादी आणि नंबर बाहेर कुणालाही द्यायचे नाहीत, तोंडीसुद्धा नाहीत. द्यायचे तर त्या त्या बाईला विचारून. ८ मार्चच्या कार्यक्रमाला प्रायोजक घ्यायचा नाही, वर्गणी काढायची, दहा रुपयांपासून. कुणी व्यापारी देणगी देतो म्हणाला तर त्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींना किती पगार, बसायला स्टूल आणि स्वच्छतागृह आहे का, हे आधी त्या मुलींना विचारायचं. यातलं शेवटचं कलम सगळ्यांत अवघड जातंय. देणगी देणारे तिथेच गळतात.

संक्रांत जवळ येते आहे. ज्या गटांना अशी बोलावणी आली असतील, त्यांनी कुणी बोलावलं, काय वाटलं, नग केवढ्याला पडला, वहीत काय काय लिहून घेतलं आणि विधवा व एकट्या बायकांना मंडपात जागा होती का, हे पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी कोणत्या शब्दांत म्हटलं आणि पुढे काय झालं, तेही लिहावं. वाटलेल्या वस्तूंचे नमुने मिळाले तर जपून ठेवा, ८ मार्चला बजाज चौकात टेबलावर मांडायचे आहेत, प्रत्येकाच्या शेजारी किमतीची चिठ्ठी लावून.